बुर्जीवरचा खिळा आणि लेझरची रेघ: लाइनआउटच्या साधनांची पारख

जळगाव-धुळ्याकडे लाइनआउटचं, म्हणजे बांधकामाच्या खुणा जमिनीवर काढायचं, सामान ठरलेलं असतं: सूत, ओळंबा, गुण्या, तीस मीटरचा टेप, पाण्याची नळी आणि फक्कीची (रेघ मारायच्या पांढऱ्या भुकटीची) पिशवी. आता त्यात हिरव्या लेझरचा डबाही आलाय. टाइल्सवाल्यांनी आणि पीओपीवाल्यांनी तो आधी आणला आणि आता पायाच्या खोदाईवरही दिसतो. प्रश्न एवढाच, की घराच्या आत छान चालणारं हे यंत्र उघड्या प्लॉटवर, काळ्या मातीत आणि मे महिन्याच्या उन्हात कॉलमचे पॉइंट काढायला किती उपयोगाचं?

चार साधनं तोलून पाहू: बारा किंवा सोळा लाइनचा लेझर, हातात मावणारा अंतर मोजायचा लेझर मीटर, फिरता म्हणजे रोटरी लेझर आणि भाड्याने मिळणारं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं सर्व्हेचं यंत्र. काम सगळ्यांना एकच. कॉलमच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत ११.४० बाय ७.२० मीटरचा बंगला, फूटिंगचा (कॉलमच्या पायाचा) खड्डा दीड मीटर खोल, रस्ता एका बाजूला, जमीन काळी.

आधी अचूकता किती लागते ते बघू, कारण दुकानदार मिलिमीटरच्या गोष्टी सांगतो आणि गवंडी सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे फूटिंग सेंटरपासून सरकायची मुभा त्या दिशेच्या रुंदीच्या ०.०२ पट आणि जास्तीत जास्त ५० मिमी. म्हणजे दीड मीटरच्या फूटिंगला ३० मिमी. कॉलमच्या आडव्या छेदाच्या मापाला मात्र १२ मिमी जास्त किंवा ६ मिमी कमी, एवढीच सूट. तेव्हा खोदाईच्या फक्कीला लेझरची गरजच नाही. फक्कीची रेघच पाऊण-एक इंच जाड असते. लेझर कामाला येतो तो पीसीसीवर (फूटिंगखालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर) सेंटर लाइन उतरवताना, कॉलमचा स्टार्टर (बुडाचा पहिला छोटा टप्पा) धरताना आणि बुर्ज्या, म्हणजे खड्ड्याबाहेरचे खुणांचे बुटके खांब, बांधताना. तिथे एक सूत, म्हणजे तीन मिमीच्या आसपास, हे लक्ष्य धरावं. त्याहून बारीक मागितलं तर सेंट्रिंगची (साच्याची) प्लेटच ते ठेवत नाही.

बारा लाइन की सोळा लाइन

बारा लाइनच्या लेझरमध्ये तीन पूर्ण वर्तुळं असतात, एक आडवं आणि दोन उभी, एकमेकांना काटकोनात. सोळा लाइनमध्ये जमिनीलगत आणखी एक आडवं वर्तुळ मिळतं. ते फरशीच्या कामाचं, लाइनआउटमध्ये त्याचा उपयोग शून्य. त्या जास्तीच्या चार लाइनचे पैसे रिसीव्हरमध्ये, म्हणजे न दिसणारी रेघ पकडून आवाज देणाऱ्या यंत्रात, घालावेत. बिननावाचे डबे चार-पाच हजारांत मिळतात आणि त्यांच्यावर बहुधा ‘दहा मीटरला तीन मिमी’ असं छापलेलं असतं. बॉशच्या जीएलएल ३-८० सीजीसारख्या हिरव्या यंत्राला मीटरमागे ०.२ मिमी, म्हणजे दहा मीटरला दोन मिमी, आणि चार अंशांपर्यंत स्वतः लेव्हल होण्याची सोय आहे. किमतीतला फरक कैक पटींचा आणि कागदावरच्या अचूकतेत एकाच मिमीचा. खरा फरक असतो तो रिसीव्हर चालण्यात आणि काटकोन टिकण्यात.

हिरवा का, तर डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तिखट असतो. हिरवा लेझर साधारण ५०० ते ५४० मध्ये येतो, लाल ६३० ते ६५० मध्ये. तेवढ्याच ताकदीचा हिरवा ठिपका कितीतरी उजळ वाटतो. पण सकाळी दहाच्या उन्हापुढे दोघंही हरतात. लेझरसोबतच्या रंगीत चष्म्याने फरक पडतो तो थोडासा रेघ दिसण्यात. तो चष्मा डोळ्यांच्या संरक्षणासाठी नसतो, तो घालून रेघेत बघू नये. डब्यावर क्लास २, एक मिलिवॅटपेक्षा कमी, असं लिहिलेलंच यंत्र घ्यावं. साइटवर मजुरांची पोरं फिरत असतात.

उघड्यावर या यंत्राचं वेळापत्रक करावं लागतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर दहा-बारा मीटरवर रेघ डोळ्यांनी पकडता येते. मधल्या वेळात रिसीव्हर हवाच, आणि रिसीव्हर चालायला लेझरला पल्स मोड (रेघ फार वेगाने चालू-बंद करणारा) हवा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत तो नसतो किंवा असला तरी दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरला ओळख देत नाही. लाल लेझरसाठी बनवलेला रिसीव्हर हिरवी रेघ पकडत नाही, हेही दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. पल्स मोड लावला की रेघ डोळ्यांना आणखी फिकी दिसते, तो बिघाड नव्हे.

काळ्या मातीचं एक वेगळंच दुखणं आहे. ती प्रकाश पिऊन टाकते. पांढऱ्या भिंतीवर ठसठशीत दिसणारी रेघ तापीकाठच्या काळ्या ढेकळांवर पाच मीटरवरसुद्धा हरवते. उपाय साधा: जिथे पॉइंट यायचा तिथे आधी वीतभर रुंद फक्की पसरून घ्यावी. पांढऱ्यावर रेघ उमटते, मग खुंटी. याच्या उलट, खड्ड्यात उतरल्यावर लेझर एकदम कामाचा होतो, कारण दीड मीटर खोल खड्डा सकाळी नऊ वाजताही सावलीत असतो आणि ताज्या पीसीसीचा राखाडी रंग रेघ छान दाखवतो. वर बुर्जीवर रेघ दिसत नाही आणि खाली मात्र लख्ख, असा प्रकार नेहमी होतो.

आणि हाच या यंत्राचा सर्वात मोठा फायदा. जुन्या पद्धतीत दोन बुर्ज्यांवरून सूत ताणायचं, दुसऱ्या दोघींवरून आडवं सूत, आणि जिथे कैची होईल तिथून ओळंबा खाली सोडायचा. दुपारचा वारा सुटला की ओळंबा खड्ड्यात झुलतो. एक जण खाली बसून त्याला बोटाने थांबवतो, वरचा ओरडतो, “जरा सरकाव रे भो”, आणि दोन-तीन सूत इकडेतिकडे होऊन जातात. लेझरचं उभं वर्तुळ हे स्वतःच ओळंब्यातलं प्रतल असतं. ते बुर्जीच्या दोन खिळ्यांतून गेलं, की खड्ड्याच्या तळाशीही त्याच रेषेत उतरतं.

लावायची रीत अशी. यंत्र खिळ्यावर ठेवायचं नाही. बुर्जीच्या मागे, दोन्ही खिळ्यांची रेषा मागे वाढवली तर ती जिथून जाईल तिथे दीड-दोन मीटरवर तिपाई उभी करायची. रेघ आधी जवळच्या खिळ्यावर आणायची ती तिपाईवर यंत्र डावी-उजवीकडे सरकवून, आणि लांबच्या खिळ्यावर न्यायची ती बारीक फिरवायच्या स्क्रूने. स्क्रू फिरवला की जवळचा थोडा सुटतो, परत सरकवायचं, परत फिरवायचं. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही खिळे रेघेच्या मध्यावर येतात. रेघ लांब गेली की जाड होते, म्हणून नेहमी तिचा मध्य धरायचा, किंवा एक कड ठरवून शेवटपर्यंत तीच. एका टोकाला डावी कड आणि दुसऱ्या टोकाला उजवी धरली, तर तिथेच एक सूत गेलं. उन्हात खिळ्यामागे प्लायचा तुकडा किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोणीची सावली धरावी. रिसीव्हर असेल तर तो आडवा करून त्याच्या मधल्या खाचेत खिळा ठेवायचा आणि बारीक मोडवर आवाज सलग होईपर्यंत यंत्र फिरवायचं.

खाली पीसीसीवर दोन टोकांना दोन खुणा करून चॉकलाइन मारली की एक सेंटर लाइन झाली. दुसऱ्या दिशेची तशीच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे स्टीलचा खिळा ठोकून भोवती रंगाने गोल करावा, कारण जाळी टाकताना मजुरांच्या बुटांखाली चॉक पुसला जातो.

काळ्या जमिनीवर तिपाईचे पाय दर काही मिनिटांनी थोडे बसतात. पायांखाली विटा किंवा प्लायचे तुकडे हवेत. शेजारी मिक्सर किंवा जेसीबी चालू असेल तर रेघ थरथरते. यंत्र लेव्हल करणारा आतला लोलक हलत असतो, तेव्हा खूण करू नये. दर अर्ध्या तासाने लांबच्या खिळ्यावर रेघ अजून बसतेय का ते बघणं ही सवय अंगी लागली पाहिजे.

लॉकबद्दल दोन शब्द. मोटरसायकलच्या डिकीत किंवा टेम्पोत यंत्र नेताना लोलक लॉक केलेला हवा. नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो आत आपटून लेव्हल कायमची बिघडते. पण साइटवर आल्यावर लॉक सोडायला विसरलं तर रेघ येते, सरळ दिसते आणि लेव्हलमध्ये अजिबात नसते. चांगली यंत्रं अशा वेळी लुकलुकतात किंवा आवाज करतात. स्वस्तातली काही गप्प बसतात.

काटकोनाचा फसवा भाग

डब्यावर लेव्हलची अचूकता छापतात. दोन उभ्या वर्तुळांतला कोन खरंच नव्वद आहे का, याबद्दल बहुतेक डबे मौन पाळतात. लाइनआउटमध्ये तर सगळी मदार त्यावरच.

समजा ए हा कोपरा. रस्त्याला समांतर ११.४० वर बी. यंत्र ए वर, एक वर्तुळ बी वर धरलं, दुसऱ्या वर्तुळात ७.२० वर डी चा खिळा मारला. मग यंत्र उचलून तसंच, न फिरवता, बी वर नेलं आणि सी मारला. आता सी-डी मोजलं तर ११.४० बरोबर येतं आणि सगळे खूश. पण यंत्राचा कोन नव्वदपेक्षा जरासा जास्त असेल, तर दोन्ही ठिकाणी तो एकाच बाजूला कलतो. चौकोन तिरका होतो, बाजू मात्र बरोबरच राहतात. चूक फक्त कर्णात दिसते. ११.४० बाय ७.२० चा कर्ण १३.४८३ मीटर. दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय फक्की मारू नये, मग यंत्र पाच हजारांचं असो की पन्नास. कोनात एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक असली तर ११.४० मीटरवर ३.३ मिमीचा फरक पडतो आणि दोन कर्णांत साधारण साडेतीन मिमीचा, म्हणजे टेपवर नीट दिसेल एवढा.

यंत्राचा कोन तपासायची युक्ती तिथल्या तिथे करता येते. ए वर यंत्र ठेवून पहिलं वर्तुळ बी वर धरा आणि दुसऱ्याने डी कडे खूण करा. मग यंत्र नव्वद अंश फिरवा, म्हणजे आता दुसरं वर्तुळ बी वर येईल आणि पहिलं डी कडे जाईल. पुन्हा खूण करा. दोन खुणांतलं अंतर हे चुकीच्या दुप्पट, आणि त्यांचा मध्य हा खरा काटकोन. ७.२० मीटरवर दोन खुणांत चार-पाच मिमीचा फरक आला तर स्वस्तातल्या यंत्रासाठी ठीक म्हणायचं. दहाच्या वर गेला तर ते यंत्र टाइल्सवाल्याला द्यावं. ही खूण-मध्य पद्धत पाळली तर बिघडलेल्या यंत्रानेही बरोबर काटकोन निघतो. म्हणूनच महागड्या यंत्रापेक्षा ती जास्त मोलाची.

खिळ्याच्या बरोबर डोक्यावर यंत्र बसवायला तळाशी ओळंब्याचा ठिपका पाडणारं मॉडेल घ्यावं. ज्यात तो नाही, तिथे दोन रेघांची कैची जमिनीवर शोधावी लागते आणि ती नेमकी यंत्राच्या बुडाखाली लपते.

हातातला लेझर मीटर

चारही साधनांत लाइनआउटसाठी आधी काय घ्यावं, तर हा. लहानसा, खिशात राहणारा, बहुतेकांची अचूकता दीड मिमीच्या आसपास. कारण टेपचं दुखणं इकडच्या उन्हात मोठं आहे. स्टीलचा टेप २० अंशांना बरोबर असतो. भुसावळच्या ४५ अंशांत तीस मीटरचा टेप जवळपास ९ मिमी लांबतो, आणि उन्हात तापलेल्या मातीवर पडलेला टेप हवेपेक्षाही गरम असतो. टेप लांबला की माप कमी दाखवतो, म्हणजे खुंटी ठरल्यापेक्षा लांब जाते. आपल्या ११.४० ला हा फरक तीन-साडेतीन मिमी, एका सुताएवढा. फायबरचा टेप तर ओढाल तसा ताणला जातो. खोदून झाल्यावर खड्ड्यावरून टेप झोळ खातो, लेझर खात नाही. गावठाणात, अमळनेर-पारोळ्याच्या जुन्या वस्तीत, दोन धाब्याच्या घरांमधली वाकडी जागा मोजताना तर टेप धरायला दुसरा माणूस उभा राहायलाही जागा नसते. तिथे चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मीटरने पाच मिनिटांत घेता येतात, आणि आर्किटेक्टला खरा आकार मिळतो. एक भान ठेवावं: हे माप भिंतीचं असतं, हद्दीचं नव्हे. हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते.

पण हा मीटर उघड्या प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी हमखास फसवतो.

पहिलं, माप कुठून धरलंय. मागच्या कडेपासून, पुढच्या कडेपासून की तिपाईच्या आट्यांपासून, हे बटणाने ठरतं आणि पडद्यावर बारीक चिन्हाने दिसतं. चुकून पुढची कड लागली असेल तर अख्खं यंत्र, दहा-बारा सेंटिमीटर, हिशेबातून जातं. कॉलम चार इंच सरकल्याची पुष्कळ प्रकरणं याच बटणाची असतात.

दुसरं, उतार. दहा मीटरचं माप घेताना दुसरं टोक अर्धा मीटर खाली असेल तर खरं आडवं अंतर ९.९८७ मीटर भरतं. साडेबारा मिमी हवेत गेले. कल मोजणारा सेन्सर असलेलं मॉडेल घ्यावं आणि आडव्या अंतराचा मोड लावूनच खुंट्या माराव्यात. लायकाचा डिस्टो डी५१० यात उजवा आहे: दोनशे मीटरचा पल्ला, एक मिमीची अचूकता, कलाचा सेन्सर, आणि चारपट मोठं दाखवणारा कॅमेरा. उन्हात पंचवीस मीटरवर लाल ठिपका डोळ्यांना दिसतच नाही, पडद्यावर फुली कुठे आहे ते मात्र दिसतं. साधा मीटर घेतला तर दुपारी लांबचं माप सोडून द्यावं.

तिसरं, लक्ष्य. जमिनीतल्या खिळ्यावर लेझर मारता येत नाही. खिळ्याला लावून उभी धरलेली पांढरी पाटी लागते. पाटीचा समोरचा पृष्ठभाग खिळ्याच्या मध्यावर हवा. पाटी खिळ्याच्या मागे टेकवली तर अर्धा खिळा जास्त आणि पुढे धरली तर पाटीची जाडी कमी. पाटी कललेली असेल आणि ठिपका जमिनीपासून फूटभर वर पडत असेल तर तेही माप चुकतं. पाटीवर छोटी लेव्हलची नळी चिकटवून घ्यावी.

यापेक्षा साधी पण सर्रास चूक आकडे वाचण्याची. मिस्त्री फूट, इंच, सुतात बोलतो आणि मीटर दशांश फुटांत दाखवतो. ७.२० मीटर म्हणजे पडद्यावर २३.६२ फूट. ते ‘तेवीस फूट सहा इंच’ म्हणून ओरडलं गेलं तर दीड इंच गेला. खरं माप तेवीस फूट साडेसात इंचांच्या जरासं आत आहे. यंत्र सरळ मिलिमीटरवर ठेवावं आणि कॉलमचे आकडे कागदावर आधीच मिमीत लिहून न्यावेत.

तेही एका शून्यापासून. ए पासून कॉलम ३६००, ७५०० आणि ११४०० वर, असे चढते आकडे. ३६००, मग ३९००, मग ३९०० असं तुकड्या-तुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्याच्या डोक्यावर बसते. काही मीटरांत स्टेकआउटची सोय असते. अंतर भरून ठेवलं की पाटी जवळ आली तसा आवाज बदलतो. पाटी धरणारा माणूस हुशार असेल तरच ते उपयोगाचं.

उष्म्याचंही बघावं. या मीटरांना कामाचं तापमान बहुधा ४५ ते ५० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मीटर त्याच्या कितीतरी वर जातो आणि पडद्यावर एररचा आकडा दाखवून बसतो. ओल्या कापडाने पुसून थंड करू नये, सावलीत पंधरा-वीस मिनिटं पडू द्यावा. एसी गाडीतून काढलेल्या यंत्रालाही तेवढाच वेळ द्यावा.

रोटरी लेझर: फक्त लेव्हलसाठी

बंगल्याचं लाइनआउट रोटरीने करायचा हट्ट नको. तो लेव्हलचा राजा आहे, तेवढंच. बॉशचा जीआरएल ३०० एचव्ही मीटरमागे ०.१ मिमी सांभाळतो आणि रिसीव्हरबरोबर तीनशे मीटर व्यासात चालतो, म्हणजे अख्खी कॉलनी एका जागेवरून. पाण्याच्या नळीत बुडबुडा अडकतो, एक बाजू उन्हात आणि एक सावलीत असली तर दोन टोकांना पाणी सारखं राहत नाही, आणि दोन माणसं अडकतात. रोटरीला एकच माणूस लागतो.

हिशेब तोंडपाठ हवा. रस्त्याच्या मध्यावर शून्य धरलं, तिथे रिसीव्हर पट्टीवर १.४२० वर वाजला. जोत्याचा माथा रस्त्यापासून ०.६०० वर हवा असेल तर पट्टीवर ०.८२० यायला हवं. पीसीसीचा तळ १.५०० खाली असेल तर २.९२०. खड्डा खोदताना रिसीव्हर २.९२० वर घट्ट बसवून जेसीबीवाल्याला दाखवला की जास्त खोदलं जात नाही. काळ्या मातीत जास्तीचं खोदून पुन्हा तीच माती भरणं म्हणजे फूटिंगखाली मऊ जागा ठेवणं. तिथे काँक्रीटच भरावं लागतं.

तपासणी: भिंतीपासून वीस मीटरवर यंत्र, एक खूण, मग यंत्र अर्धं वळवून दुसरी खूण. फरकाचा अर्धा म्हणजे चूक. दुसऱ्या अक्षावर पुन्हा. महिन्यातून एकदा, आणि यंत्र पडलं तर लगेच.

एकच बंगला असेल तर रोटरी विकत घेऊ नये. भाड्याने घ्यावा किंवा ऑटो लेव्हलवर (दुर्बिणीच्या लेव्हल यंत्रावर) काम भागवावं.

भाड्याचं टोटल स्टेशन

शाळा, मंगल कार्यालय, कोल्ड स्टोअरेज, शेड, किंवा वीसच्या वर कॉलम असलेलं काहीही असेल तर सर्व्हेअरसह टोटल स्टेशन बोलवावं. पाच सेकंदाच्या (कोनाच्या मिनिटाचा साठावा भाग म्हणजे सेकंद) यंत्रालाही पन्नास मीटरवर कोनातून जेमतेम सव्वा मिमीची चूक होते, आणि अंतर साधारण दोन मिमीत येतं. तिरकस प्लॉट, गोल जिना, दोन ब्लॉकमधला कोन, सगळं कोऑर्डिनेटवर सुटतं. लाइन लेझरला इथे स्पर्धेतच धरू नये.

मात्र सेवा कशी मिळते त्यावर सगळं अवलंबून. सर्व्हेअर आल्यावर त्याला विचारायच्या गोष्टी अशा. प्रिझम कॉन्स्टंट (यंत्राचा प्रकाश परतवणाऱ्या काचेसाठी अंतरात धरायची दुरुस्ती) कितीवर लावलाय आणि प्रिझम कोणतं आहे? काही प्रिझमचा कॉन्स्टंट शून्य, काहींचा उणे ३० मिमी. यंत्रात एक आणि काठीवर दुसरं असलं तर प्रत्येक अंतरात तीन सेंटिमीटरची चूक शिरते आणि ती सगळीकडे सारखी असल्याने चटकन ध्यानात येत नाही. तपासायचं तर दोन पॉइंटमधलं आठ-दहा मीटरचं अंतर टेपने मोजावं आणि त्याच रेषेत एका टोकावर यंत्र ठेवून यंत्राने. दुसरं, उंच काठीवर प्रिझम नको. दीड मीटरच्या काठीचा बुडबुडा जरासा बाजूला असला, समजा दहा मिनिटांचा कल, तर खाली टोक चार मिमी हलतं. छोटं प्रिझम खिळ्यापासून दहा सेंटिमीटरवर धरलं तर तीच चूक अर्ध्या मिमीच्याही आत. प्रिझमशिवाय थेट खुंटीवर मारलेलं माप कडेला लागून मागच्या ढेकळापर्यंत जाऊ शकतं, ते स्वीकारू नये. तिसरं, काम संपल्यावर पुन्हा बॅकसाइट (ज्या खुणेवरून कोन बांधला ती) बघायला लावावी. सकाळी बांधलेला कोन दुपारपर्यंत काही सेकंद सरकलेला चालतो, मिनिटभर सरकला असेल तर मधले सगळे पॉइंट पुन्हा.

तापमान आणि दाबाची दुरुस्ती हा मात्र उगाच मोठा केलेला विषय. पंचवीस अंशांचा फरक साधारण पंचवीस पीपीएम (दहा लाखांत पंचवीस भाग), म्हणजे पन्नास मीटरवर सव्वा मिमी. बंगल्याच्या प्लॉटवर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सर्व्हेअर बहुतेक वेळा कॉलमच्या सेंटरला खुंटी मारतो आणि निघून जातो. पण त्या खुंट्या खोदाईत पहिल्या तासात उडतात. त्याला खड्ड्याच्या बाहेर बुर्ज्यांवर ग्रिड लाइनचे (कॉलमच्या सेंटर लाइनचे) खिळे मागावेत, म्हणजे पुढे लाइन लेझर किंवा साधं सूतही त्यावर चालेल. त्यासाठी बुर्ज्या आधी तयार हव्यात: खोदाईच्या कडेपासून एक ते दीड मीटर लांब, नऊ इंची चौकोनी, माथा सिमेंटने गुळगुळीत. काळ्या मातीत वरच्या थरावर बांधलेली बुर्जी उन्हाळ्यात भेगांबरोबर कलते आणि पहिल्या पावसात फुगून वर येते. पाया दीड-दोन फूट खाली नेऊन तळाला पीसीसी टाकावी, आणि खिळा माथा ओला असतानाच बसवावा. यंत्र कितीही भारी असलं तरी जूनमध्ये हललेली बुर्जी ते सांगत नाही. त्यासाठी दोन लांबच्या पक्क्या जागांवर, शेजारच्या कंपाउंडच्या कॉलमवर किंवा रस्त्याच्या कडेच्या पुलाच्या कठड्यावर, ग्रिडची एक-एक खूण आणि लेव्हलची खूण नेऊन ठेवावी.

काय घ्यावं

वर्षाला दोन-चार बंगले करणाऱ्या ठेकेदाराने कलाचा सेन्सर असलेला लेझर मीटर, ओळंब्याचा ठिपका व पल्स मोड असलेला बारा लाइनचा हिरवा लेझर, त्याच कंपनीचा रिसीव्हर, आणि बारीक स्क्रूची जड तिपाई घ्यावी. हलकी अॅल्युमिनियमची फोटोवाली तिपाई वाऱ्यात हलते. स्वतःचं एकच घर बांधणाऱ्याने यातलं काही घेऊ नये, फक्त मिस्त्रीला दोन्ही कर्ण स्वतःसमोर मोजायला लावावेत.

दुकानात रेघ नेहमीच सुंदर दिसते, कारण दुकान आत असतं. यंत्र बाहेर, भर उन्हातल्या फुटपाथवर आणायला लावावं, पल्स मोड लावून रिसीव्हर दहा पावलांवर वाजतो का ते बघावं, आणि नव्वद अंश वळवून दोन खुणांची तपासणी तिथेच समोरच्या शटरवर करावी. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. रिसीव्हरचा क्लॅम्पही हाताने हलवून पाहावा. बऱ्याच क्लॅम्पचा रबर एका उन्हाळ्यात कडक होऊन पट्टीवरून घसरतो, आणि रिसीव्हर पाच मिमी खाली सरकल्याचं कुणाच्या लक्षात येईपर्यंत सगळे फूटिंग भरून झालेले असतात.